नागपूर ते भोसले घाट : मजल दरमजल

अंतर मोजण्याची आपली जुनी रीत ही मैलांची नसून दिवसांची होती. कोस, योजन हे शब्द होते खरे. परंतु वाटसरूला गाव किती दूर म्हणून विचारले तर तो 'तीन दिवसांची वाट' असेच उत्तर देई. एका दिवसात जेवढी वाट चालून होते ती मजल, आणि मजल संपून जेथे पाठ टेकावयाची तो मुक्काम. 'मजल दरमजल' हा आपल्या बखरींतला आणि पत्रव्यवहारातला नित्याचा शब्दप्रयोग. त्यात अंतर आणि काळ ही दोन्ही एकाच शब्दात सामावलेली आहेत. आज आगगाडीच्या वेळापत्रकाने आणि विमानाच्या तिकिटाने ही दोन्ही निराळी केली. पंधराशे किलोमीटर हे अंतर एक राहिले, आणि ते तोडण्यास लागणारा काळ मात्र प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे निरनिराळा झाला.

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा हाच विषय आमच्या मनात प्रथम उभा राहिला. आपण सारे घरापासून दूर आलेले लोक. 'दूर' म्हणजे किती, हा प्रश्न आपल्याला जितका जवळचा, तितका गावाकडे राहणाऱ्यांना नाही. या प्रश्नाचे एक दगडी उत्तर वाराणसीस गंगेच्या तीरावर उभे आहे. त्याचे नाव भोसले घाट.

घाटाचे स्थान

मणिकर्णिकेपासून नावेने उत्तरेकडे निघाले की पहिला लागतो तो शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. बांधकामाच्या भाराने तेथील जमीन खचली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पायथ्याशी कललेले रत्नेश्वराचे देऊळ आजही प्रवाशांचे लक्ष वेधून घेते. त्यापुढे संकटा घाट, गंगामहाल, आणि मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. आणखी थोडे पुढे गेले की अमृतराव पेशव्यांनी बांधविलेला गणेश घाट, राम घाट, आणि शेवटी पंचगंगा. मणिकर्णिका ते पंचगंगा हे अंतर एक किलोमीटरही नाही. एवढ्या टापूत शिंदे, भोसले आणि पेशवे ही मराठी राज्यातील तीन मोठी घराणी शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

भोसले घाट बांधला गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत. सेनासाहेब सुभा ही पदवी मिरविणारे नागपूरचे भोसले त्या वेळी वैभवाच्या शिखरावर होते. पहिल्या रघूजींचे पुत्र मुधोजी १७८८ मध्ये निवर्तले आणि त्यांचे चिरंजीव दुसरे रघूजी हे गादीचे धनी झाले. ते १८१६ पर्यंत होते. घाटावर लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. यमेश्वर आणि यमादित्य ही काशीच्या यात्रेतील प्राचीन स्थानेही येथेच आहेत. पाण्यातून पाहिले असता नजरेत भरते ती वरची प्रचंड दगडी वास्तू. तिच्या खालच्या भिंती सरळ, उंच आणि जवळजवळ आंधळ्या आहेत. खिडक्या काय त्या अगदी वर. नवख्याला तो किल्लाच वाटावा. परंतु भाद्रपदात ज्याने गंगेचे पाणी पायऱ्या गिळीत वर चढताना पाहिले आहे, त्याला या आंधळ्या भिंतींचे कारण सांगावे लागत नाही. येथे शत्रू होता तो फक्त पूर, आणि बांधणाऱ्याने तो दरवर्षी येणार हे धरूनच दगड रचले.

या ठिकाणी एक गोष्ट विसरता कामा नये. काशीवर मराठ्यांचे राज्य कधीही नव्हते. काशी-प्रयाग ही क्षेत्रे आपल्या हाती यावीत यासाठी पेशव्यांनी अयोध्येच्या नबाबाकडे नाना परींनी खटपट केली. ती साधली नाही. पुढे १७७५ मध्ये बनारस प्रांत अयोध्येच्या नबाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. म्हणजे भोसल्यांनी हा घाट बांधला तेव्हा ती भूमी इंग्रजांच्या अधिकाराखाली होती. जेथे आपला अंमल नाही, जेथून एक दाणा महसूल यावयाचा नाही, आणि राजधानीहून जेथे पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागतो, तेथे राजाने एवढा पैसा का ओतावा? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर घाटावर शोधून सापडावयाचे नाही. ते घाटाकडे येणाऱ्या वाटेवर सापडते.

वाट

नागपूरहून निघालेला यात्रेकरू कन्हान ओलांडून, रामटेकच्या रामाचे दर्शन घेऊन उत्तरेचा रस्ता धरी. पुढे देवलापारचे जंगल, कुरईची चढण, शिवनी, लखनादौन. मग जबलपूरच्या अलीकडे तिलवारा येथे नर्मदा. नर्मदा उतरली म्हणजे दक्षिण मागे पडली, अशी भावना होती. तेथून मैहर, रीवा, हनुमना. नंतर विंध्याचा कडा उतरून मिर्झापूर, आणि मिर्झापूरहून गंगेच्या काठाने काशी. आजच्या हिशेबाने हे अंतर सुमारे सव्वासातशे ते साडेसातशे किलोमीटर भरते. दोन मैलांचा कोस धरला तर सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे कोस झाले.

बायकामुले, म्हातारी माणसे, तट्टे आणि बैल बरोबर असलेला संघ दिवसाकाठी किती चाले? याचे एक चांगले प्रमाण पेशव्यांच्या घरातच मिळते. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १४ फेब्रुवारी १७३५ रोजी पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या. पुणे ते बऱ्हाणपूर हे सुमारे एकशेचाळीस कोसांचे अंतर तोडण्यास त्यांना तीन आठवड्यांहून थोडा अधिक काळ लागला. म्हणजे सरासरीने दिवसाला सहा कोस पडले. हेच माप नागपूरच्या वाटेला लावले तर चाळीस मुक्काम होतात. नद्यांचे उतार, एकादश्या, आजारपणे आणि जनावरांची विश्रांती धरली की दीड महिना झालाच. पुण्याहून काशी साडेचारशे कोसांच्या घरात. तेथून सरळ वाटेने अडीच-तीन महिने.

राधाबाई मात्र सरळ वाटेने गेल्या नाहीत. त्या उदेपूर, नाथद्वारा, जयपूर अशा वळणाने गेल्या. पावसाळा त्यांनी जयसिंगाच्या पाहुणचारात जयपुरास काढला. मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग करून ऑक्टोबरात काशीस पोहोचल्या. आणि गयेची यात्रा उरकून १ जून १७३६ रोजी पुण्यास परतल्या. साडेपंधरा महिने! ज्या सरदारांशी त्यांचा पुत्र रणांगणात झुंजत होता त्यांनीच वाटेत त्यांचा सन्मान केला. महंमदखान बंगशासारख्या वैऱ्यानेही त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था ठेवली. एका वृद्ध विधवेच्या यात्रेने उत्तरेतील दरबारांत जो सद्भाव निर्माण झाला, तो एखाद्या वकिलातीने झाला नसता, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही.

वाटेचे गणित ऋतूंशी बांधलेले होते. दसरा-दिवाळीनंतर नद्यांना उतार मिळे, चारा मुबलक असे; तेव्हा निघावयाचे आणि मृगापूर्वी परतावयाचे. हे साधले नाही तर चातुर्मास जेथे असाल तेथे. म्हणूनच काशीस निघणारा माणूस घरची निरवानिरव करून निघे. परत आलेल्यांचे मावंदे घालण्याची आपली रूढी ही नुसती जेवणावळ नव्हती. गेलेला माणूस जिवंत परत आला, याची ती गावाला दिलेली ग्वाही होती. सोडमुंजीत काशीस निघालेल्या बटूला मामा अडवितो आणि मुलगी देऊ करतो, हा आता थट्टेचा विधी झाला आहे. परंतु काशीला निघालेला मुलगा पुन्हा दिसेलच असे नाही, हे त्या थट्टेमागचे सत्य आहे.

भीती केवळ रोगराईची नव्हती. नागपूर-जबलपूर-मिर्झापूर ही वाट ठगांची आवडती होती. सज्जन सहप्रवाशाचे सोंग घेऊन संघात शिरावयाचे आणि निर्जन जागी रुमालाने गळा आवळावयाचा, ही त्यांची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विल्यम स्लीमन याने जबलपूर येथे ठाणे देऊन त्यांचा बंदोबस्त केला, तेव्हा कोठे या वाटेवरील प्रवासी थोडा निर्धास्त झाला.

ही वाट एकट्या यात्रेकरूंची मात्र नव्हती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे याच रस्त्याने मिर्झापूरच्या पेठेत जात आणि तेथून तो नावांनी बंगालकडे रवाना होई. कापसामागे सावकार आले, सावकारांबरोबर हुंडी आली. नागपुरास पैसे भरावेत, चिठ्ठी कनवटीस लावावी आणि काशीस पेढीवर रोख घ्यावी; असे झाल्यावर ठगाच्या हाती लागले तरी फार काही लागत नसे. भक्ती आणि व्यापार यांनी मिळून ही वाट चालू ठेवली होती. एकट्या भक्तीला ती झेपली नसती.

वाटेचा शेवटचा मुक्काम

आता घाटाकडे पुन्हा वळू. चाळीस मुक्काम करून, तळपायांना भेगा पडलेला जो माणूस काशीत उतरे त्याला प्रथम काय हवे असे? ओळखीची भाषा, डोक्यावर छप्पर, दोन वेळचे अन्न, आणि जड देहाने पाण्यापर्यंत उतरता येईल अशा भक्कम पायऱ्या. कित्येक तर परत जाण्यासाठी आलेलेच नसत. काशीस देह ठेवणे हाच त्यांचा संकल्प असे. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षांची व्यवस्था लागे. घाट, त्यावरील वाडा, देऊळ, अन्नछत्र आणि तीर्थोपाध्याय ही सारी मिळून एक संस्था होती. नागपूरच्या राजवाड्यापासून निघालेल्या वाटेचा तो शेवटचा मुक्काम होता. अंतर चाळीस दिवसांचे होते म्हणून तर मुक्काम दगडाचा बांधावा लागला. ते दोन तासांचे असते तर घाटाची गरजच पडली नसती.

राजकारण नव्हतेच असे मात्र नव्हे. १७८१ मध्ये चेतसिंगाच्या प्रकरणात वॉरन हेस्टिंग्ज बनारसेहून पळून चुनारच्या किल्ल्यात आश्रयास गेला, त्या वेळी मुधोजी भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित आणि त्यांचे बंधू विश्वंभर पंडित हे त्याच्या बाजूस होते. त्यांनी त्याला लाख रुपयांची मदत देऊ केली आणि पुढे जहागीर मिळविली. म्हणजे घाट उभा राहत होता त्या काळात नागपूर दरबारची माणसे बनारसेत प्रतिष्ठेने वावरत होती. देवाच्या दारी बांधलेला वाडा बातमीदारीलाही उपयोगी पडतो, हे त्या काळच्या कोणत्याही दरबाराला शिकवावे लागत नव्हते.

बातमी यात्रेकरूपेक्षा किती जलद धावे, हेही पाहण्यासारखे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्या घाताची वार्ता एका सावकारी पत्रातून भेलशाजवळ असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती सुमारे दहा दिवसांत पडली. पानिपत ते भेलसे हे अंतर नागपूर-काशीहून फारसे निराळे नाही. तेवढीच वाट यात्रेकरू चाळीस दिवसांत चाले आणि सावकाराचा जासूद दहा दिवसांत. सावकारांचे जासूद सरकारी जासुदांच्याही पुढे असत, हे या प्रसंगाने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

दुसरी बाजू

भोसल्यांच्या पुण्यकृत्याविषयी लिहिताना त्यांच्या दुसऱ्या प्रवासाविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. याच घराण्याच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात राहिल्या. १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांस अलिवर्दीखानाने भेटीस बोलावून दग्याने मारले, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्या स्वाऱ्यांत बंगालमधील खेड्यापाड्यांची जी धूळधाण झाली, ती आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. बंगाली माता मुलांना निजविताना 'बर्गी' आल्याचे जे गाणे म्हणतात, त्यातले बर्गी म्हणजे आपले बारगीर होत. १७५१ च्या तहाने कटक प्रांत आणि बारा लाखांची चौथाई पदरात पडली. तिच्या जोरावर नागपूर वैभवास चढले. घाटाच्या दगडात त्या पैशाचा अंश नसेलच, असे कोण म्हणेल?

नवल असे की त्याच काळात बंगालमधील नाटोरची राणी भवानी काशीत दुर्गाकुंडाचे मंदिर बांधीत होती. ज्यांचा मुलूख लुटला गेला ते आणि ज्यांनी लुटला ते, दोघेही एकाच नदीच्या काठी येऊन दगड रचीत होते. घरच्या वैरांचीही तीच गत. नागपूरकर भोसले आणि पेशवे यांचे सख्य कधीच नव्हते. १७४३ मध्ये नानासाहेब स्वतः फौज घेऊन रघूजींच्या मागे बंगालपर्यंत गेले; पुढे थोरल्या माधवरावांनी जानोजीस नमवून १७६९ मध्ये कनकापूरचा तह केला. महाराष्ट्रात ज्यांचे तंबू समोरासमोर पडत, त्यांचे घाट काशीत हाकेच्या अंतरावर आहेत. परदेशी गेल्यावर भाऊबंदकीची धार बोथट होते. हा अनुभव आपल्या मंडळासही नवा नाही.

वाट आखडते

एकोणिसाव्या शतकाने ही वाट प्रथम पराभूतांच्या उपयोगास आणली. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांना कैद करून इंग्रजांनी याच रस्त्याने प्रयागच्या किल्ल्याकडे रवाना केले. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या जवळून ते निसटले ते पुन्हा नागपूरचे राजे झाले नाहीत. त्याच वर्षी शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावांना काशी किंवा दुसरे एखादे क्षेत्र राहण्यास मिळेल असे आश्वासन मिळाले. त्यांच्यासाठी ब्रह्मावर्त ठरले. त्यांचे बंधू चिमाजीआप्पा मात्र काशीस राहिले आणि त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी मणिकर्णिका जन्मास आली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, आणि भोसल्यांचे जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास गेले. घाट तेवढा जागचा हलला नाही.

राज्य खालसा झाले त्याच १८५४ मध्ये आणखी एक घटना घडली. पत्र कितीही दूर जावयाचे असो, वजनाप्रमाणे एकच टपालहंशील, असा नियम झाला. हलक्या पत्रास अर्धा आणा. तोपर्यंत अंतराप्रमाणे दाम पडत. काशीस देह ठेवण्यासाठी गेलेल्या आईचे कुशल आता वऱ्हाडातल्या मुलास अर्ध्या आण्यात कळू लागले. १८७९ मध्ये पोस्टकार्ड निघाले आणि तेही निम्म्यावर आले. आमच्या दृष्टीने या देशातील अंतरावर पहिला घाव आगगाडीने घातलेला नाही. तो टपालाच्या तिकिटाने घातला.

दुसरा घाव आगगाडीचा. १८५७ मध्ये वरसईहून पायी निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत सापडून दोन-अडीच वर्षांनी घरी परतले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या काळची पायवाट इतिहासजमा झालेली होती. मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे दोन लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता ही सलग वाट खुली झाली. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. तरीही काशीच्या यात्रेकरूस गंगेच्या पलीकडेच उतरावे लागे आणि पाणी ओलांडून नगरात यावे लागे. राजघाटाचा पूल १८८७ मध्ये झाला, ज्यास १९४८ पासून मालवीय पूल म्हणतात. रेल्वे आली आणि मिर्झापूरची पेठ ओस पडली. वंजाऱ्यांचे तांडे थांबले. हुंडीची जागा मनिऑर्डरीने घेतली. वाट जिवंत ठेवणारी माणसे एकामागून एक वाटेवरून नाहीशी झाली.

पुलांची गोष्ट निघाली म्हणून एक उल्लेख करावासा वाटतो. काशीहून गयेस जाताना कर्मनाशा नदी लागते; तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर संचित पुण्य नष्ट होते, अशी समजूत. गोरगरीब यात्रेकरूंना पाय न भिजविता पलीकडे जाता यावे म्हणून नाना फडणविसांनी तिच्यावर पूल बांधण्यास घेतला. वाळूच्या तळामुळे पाया लागेना आणि काम अपुरे राहिले. पुढे बनारसच्या राजा पटनीमल यांच्या द्रव्याने आणि जेम्स प्रिन्सेप याच्या कौशल्याने १८३१ च्या सुमारास तो पुरा झाला. आरंभ पुण्याने केला, शेवट काशीने केला, आणि मध्ये इंग्रज इंजिनियर. दूरवरचे काम असेच अनेक हातांतून पुढे जाते.

जे राहिले ते

यात्रेकरू परत गेले. काही घरे मात्र राहिली. त्यांची परंपरा भोसल्यांच्याही आधीची आहे. एकनाथमहाराजांनी आपले भागवत १५७३ मध्ये वाराणसीत पुरे केले. पैठणहून गेलेल्या भट घराण्यातील नारायणभट्टांचा सोळाव्या शतकातील विश्वेश्वर मंदिराच्या उभारणीशी संबंध सांगितला जातो. त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्यांतच १८८३ मध्ये बाबूराव विष्णू पराडकर जन्मास आले आणि 'आज' या दैनिकाचे संपादक या नात्याने हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे अध्वर्यू ठरले. लक्ष्मण नारायण गर्दे हेही तसेच. घरी मराठी बोलणाऱ्या माणसांनी हिंदी गद्याला घडविले. ज्या भूमीत राहावयाचे तिच्या भाषेचे ऋण असे फेडावयाचे असते. आणि त्यासाठी आपली भाषा टाकावी लागत नाही.

आज मुंबईहून वाराणसी आगगाडीने सुमारे पंधराशे किलोमीटर. जलद गाडीने अठ्ठावीस तासांच्या आसपास. नागपूरहून मोटारीने बारा-चौदा तास. विमानाने मुंबईहून सव्वादोन-अडीच तासांत बाबतपूर. २०२१ मध्ये विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचा नवा प्रशस्त मार्ग खुला झाला, आणि गल्लीबोळांतून चुकत जाण्याचे कारणही उरले नाही. सकाळी निघालेला मराठी यात्रेकरू संध्याकाळी आरती पाहतो, दुसऱ्या दिवशी परततो. त्याला मुक्कामाची गरज नाही. म्हणून भोसले घाटाचीही गरज नाही. नावाडी बोटाने दाखवितो, 'ये भोंसले घाट', आणि नाव पुढे सरकते. आम्हीही प्रथम असेच पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी त्या पायऱ्यांवर अर्धा तास बसलो, तेव्हा कळले की चाळीस दिवस चालून आलेल्या माणसाला ही वास्तू जशी दिसली असेल तशी ती आम्हांला कधीच दिसणार नाही. आमचे पाय दुखत नव्हते.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झाली की नव्या जागी रुजू होण्यास मुदत मिळते. १९७९ च्या नियमांत ती अंतरावरून ठरविलेली आहे: हजार किलोमीटरपर्यंत दहा दिवस, हजाराहून अधिक असल्यास बारा, दोन हजारांहून अधिक असल्यास पंधरा. या कोरड्या कलमात आम्हांला जुन्या 'मजले'चा शेवटचा अवशेष दिसतो. माणूस नुसता पोहोचला म्हणजे रुजू झाला असे नाही. घर हलवावयास, मन हलवावयास दिवस लागतात, हे सरकारनेही मान्य केलेले आहे. मंडळ स्थापन झाले त्या सुमारास आपल्यापैकी अनेकजण असेच दहा-बारा दिवसांच्या मुदतीने येथे आले. गावाकडील पत्र आठवड्याने येई. ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास बसावे लागे. तार आली की उघडण्यापूर्वी हात थरथरत. तार २०१३ मध्ये बंद झाली. आता नातवाचा पहिला दात आजीला त्याच क्षणी दिसतो. अंतर सरले, परंतु आमच्या घरांतील मुलांची मराठी त्यामुळे वाढली काय? ज्या पत्रासाठी आठवडाभर थांबावे लागे ते निदान मराठीत लिहावे लागे.

जुन्या कष्टांचे आम्हांस कौतुक नाही. ठगांच्या वाटेने परत जावे आणि आईचे कुशल सहा महिन्यांनी कळावे, असे कोणीही म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की अंतर होते तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाशी काहीतरी बांधणे भाग पडे. आता ते भाग पडत नाही, म्हणून ते आपण होऊन बांधावे लागते. आपले मंडळ म्हणजे असाच एक मुक्काम आहे. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाचे कपाट, मुलांची नाटके, परक्या गावी कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग ओढवला असता रात्री दार ठोठावणारी चार मराठी माणसे, ही त्याची पायरी-पायरी. ती पन्नास वर्षे ज्यांनी रचली त्यांतले काही आज आपल्यात नाहीत. त्यांच्या नावाची पाटी कोठे नसेल, परंतु आपण उभे आहोत ते त्यांच्याच पायऱ्यांवर.

एक विनंती करून हा लेख पुरा करतो. मंडळाच्या सभासदांपैकी जे काशीस जातील त्यांनी भोसले घाटावर नाव थांबवावी आणि मुलांसह त्या पायऱ्या उतराव्यात. नागपूर तेथून किती दूर, असे मुलांनी विचारले, तर किलोमीटरचा आकडा सांगू नये. चाळीस मुक्काम, असे सांगावे. आणि मुक्काम म्हणजे काय, असा पुढचा प्रश्न आला, तर तो मराठीत समजावून सांगावा.